सगळ्यांच्या सणाला ड्यूटीवर

महिना संपत आला की आमच्या दवाखान्यात काउंटरमागच्या भिंतीवर पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट लागायचा. बाकीच्या सिस्टर आपापलं नाव शोधायच्या आणि नाक मुरडायच्या. शीलाताई वानखडे चार्टकडे बघायच्याच नाहीत. त्या शेजारच्या कॅलेंडरपुढे उभ्या राहायच्या, पान उलटून पुढचे सण बघायच्या आणि गुरांच्या बाजारात सौदा करावा तशा वळून म्हणायच्या, "संगीता, तुहा पोळा मी करते. मले पंधरा ऑगस्ट देशील का?"

संगीता सिस्टर देणार नाही तर काय करणार? पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, लक्ष्मीपूजन, संक्रांत. आमच्या दवाखान्याचे सगळे सण शीलाताईंच्या जिवावर पार पडायचे. घरी पुरणाचा घाट घातलेला असताना कोणाला पेशंटची कळ मोजत बसायची हौस असते? शीलाताई बौद्ध. त्या म्हणायच्या, "तुमचे देव तुमी पाहा, तुमचे पेशंट मी पाहते." त्याच्या बदल्यात त्यांना हव्या असत त्या सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर. चौदा एप्रिल त्यांचा स्वतःचा, तो त्यांनी कधीच कोणाला दिला नाही. पण बाकीच्या या चार तारखांचं त्यांना एवढं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. या दिवशी गावोगाव ग्रामसभा असते, हे मी शाळेत नागरिकशास्त्रात वाचलं होतं आणि पेपर टाकून विसरलो होतो.

चिखलीतल्या त्या खाजगी बाळंतपणाच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्या रक्ताची बाटली घेऊन लॅबच्या दारात आल्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. नाव-गाव झालं. मी म्हटलं, मी चिखलीचाच, वडील कोर्टात कारकून होते.

"मंग मतदान कुठं हाय तुमचं?"

मी गोंधळलो. नवीन माणसाला पगार विचारतात, लग्न विचारतात, आडून आडून जातही विचारतात. मतदान कोणी विचारत नाही.

"वार्ड कोनता? नगरसेवक कोन?"

नगरसेवकाचं नाव तेवढं मला आलं.

"त्याले कधी भेटले तुमी?"

"लग्नात."

"कोनाच्या?"

"त्याच्याच."

त्या एवढ्या हसल्या की बाटली खाली ठेवावी लागली. "तुमचं हिमोग्लोबिन कमी हाय भाऊ," म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'भाऊ' झालो, आणि ते हिमोग्लोबिन वाढवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ते फारसं वाढलं नाही. पण त्यांनी सोडलंही नाही.

त्यांचं गाव उंद्रीच्या पुढे, डांबरी सोडून आत. गावाचं नाव सांगत नाही, गावाची काही फार चूक नाही. घरी नवरा गवंडीकाम करणारा, शांत माणूस, आणि एक शिकणारी मुलगी. त्या ज्या पक्षाचं काम करायच्या तो छोटा, इतका की त्याचं ऑफिस म्हणजे चिखलीतल्या एका सायकलदुकानाचा पोटमाळा. एकदा त्या ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी तेव्हा थट्टेत सांगितलं, "सिस्टर, निवडून आलात तर पेढे आणा, पडलात तर सकाळी वेळेवर या." शीलाताई सकाळी वेळेवर आल्या. पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी चादरी बदलत होता, आणि ज्या खाटेवरची चादर बदलत होता तिथे त्यांना मत न दिलेल्या घरची सून होती. तिला त्यांनी विचारलं, "दूध येऊन राह्यलं का बाई?" बस्स.

बारा-बारा तासांची ड्यूटी आणि वर हे उद्योग कसे जमायचे, हे त्यांनाच माहीत. चपला फाटेपर्यंत त्या तहसीलला गेल्या असतील, पण नेहमी झोपेच्या वेळात. फोन मात्र ड्यूटीवर यायचे. एकदा लेबर रूममधून त्यांचा आवाज आला, "थांबा साहेब, थांबा, डोकं दिसून राह्यलं." पलीकडे तलाठी होता. तो बिचारा बराच वेळ फोन धरून राहिला आणि मग एकाएकी रडणारं बाळ ऐकून त्यानं अभिनंदन केलं म्हणे. त्या दिवशी गायरानाचा नकाशा त्यानं विनातक्रार दिला. शीलाताई म्हणायच्या, "एक पोरगी झाली अन् एक नकाशा झाला. दिवस चांगला गेला."

हा नकाशा कशाला, ते सांगायला हवं. त्यांच्या गावाला आरोग्य उपकेंद्राची इमारत नव्हती. अडलेली बाई जीपमध्ये घालून चिखलीला आणायची, हीच रीत. एकदा अशी एक जीप आमच्या दवाखान्याच्या आवारात येऊन थांबली आणि बाईला उतरवायलाही वेळ उरला नाही. शीलाताई जीपमध्येच चढल्या. बाळ झालं, पण रडलं नाही. त्यांनी नाना प्रकार केले, डॉक्टर धावत आले, पण ते रडलं नाहीच. बाई त्यांच्या शेजारच्या घरातली होती. नंतर त्या बेसिनवर हात धूत उभ्या राहिल्या, खूप वेळ. म्हणाल्या, "निंगायच्या आधी गावात कोनी पोटाले हात लावला असता, तं कळलं असतं भाऊ. एवढंच पायजे होतं. पोटाले हात लावनारं कोनीतरी."

उपकेंद्र मिळण्यासारखं होतं. पण जागा गावानं द्यायची, आणि ग्रामसभेत तसा ठराव झाला पाहिजे. रस्त्याला लागून गायरानाचा एक तुकडा होता, सगळ्या वस्त्यांना जवळ. एवढा तुकडा आणि एक ठराव, यावर त्यांनी स्वतःची किती वर्षं घातली ते मी त्यांच्या केसांत पाहिलं आहे.

आमचे डॉक्टर मनानं वाईट नव्हते. ते म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही आपल्याच दवाखान्याची गिऱ्हाइकं तोडायला निघालात." त्यावर ताई म्हणायच्या, "सर, अडलेलं बाळंतपन तुमच्याकडंच येईन, तुमी काळजी नका करू. फक्त जिवंत येईन."

ग्रामसभेत अडचण कोरमची होती. ठरलेली माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. माणसं कुठून जमणार? सुट्टीच्या दिवशी लोक शेतात जातात, नाहीतर शेगावला दर्शनाला. बायका तर येतच नाहीत, आणि आल्या तरी मागे उभ्या. मग शीलाताईंनी बायका गोळा करायला घेतल्या. त्यांची शिकवणी आमच्या दवाखान्याच्या बाकावर चालायची. गावातली कोणी बाळंत झाली की तिच्यासोबत पाच-सहा बायका यायच्याच, आणि त्या दिवसभर बाकावर बसून राहायच्या. ताई औषधाचा ट्रे हातात धरून त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या.

"हात वर करा. सगळ्याइनं. यशोदाबाई, हा हात हाय का पदर सारखा करून राह्यल्या?"

यशोदाबाई ताईंच्याच बौद्ध वस्तीतल्या वयस्क बाई, तोंडानं फटकळ. "लाज वाटते वं माय. दीर पाहते, जेठ पाहते."

"पाहू दे. हात वर केला की मोजून होईलोक खाली आनायचा नाही. बाळंतपनाच्या कळा सोसता, एवढा हात नाही सोसवत का तुमाले?"

बाकावरच्या बायका हसायच्या आणि हात वर करायच्या. लॅबच्या खिडकीतून मला ते दिसायचं. मलाही उगीच हात वर करावासा वाटायचा.

एका वर्षी त्यांनी हाच कोरमचा नियम गावावर चालवला होता. गायरान दुसऱ्याच कामाला द्यायचा विषय मोजक्या माणसांत उरकला जात होता, तर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माणसं मोजा. मोजली, कमी भरली, सभा मोडली. सरपंच गोड माणूस, कधी आवाज चढवत नसे. तो हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळं आमाले कायदा कळते." त्या रात्रपाळीला ही गोष्ट आम्हा सगळ्यांना सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. सरपंच खरंच शिकत होता, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही नाही.

मग तो पंधरा ऑगस्ट आला. संगीताचा पोळा देऊन घेतलेला. ताई आदल्या संध्याकाळपासून घरोघर फिरल्या. सभेच्या विषयांत गायरानाचा तुकडा होता. एका बाजूनं उपकेंद्र, दुसऱ्या बाजूनं सोलरवाली एक कंपनी, तिला पॅनल टाकायला जागा हवी होती. बायका आल्या, बऱ्याच आल्या, यशोदाबाई सगळ्यांत पुढे. पण पुरुष आले नाहीत. मोजणी झाली, थोडी माणसं कमी पडली. सरपंच म्हणाला, "कोरम नाही ताई. कायदा तुमीच सांगता." सभा तहकूब. पुढची तारीख कळवू.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती ताईंना ठाऊक होती. तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला कोरम लागत नाही. हजर असतील तेवढ्यांत ठराव होतो. म्हणून त्या म्हणाल्या, "आता तारीख निंगाली की आपन वीस बाया नेऊन बसवू. तितक्याच पुरतात." संगीताशी, दुसऱ्या सिस्टरांशी त्यांनी बोलून ठेवलं. कोणताही वार असो, कोणीतरी त्यांची ड्यूटी घेईल. सगळ्या हो म्हणाल्या आणि मनापासून म्हणाल्या. एवढे सण त्यांनी आमचे केले होते.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं. ज्या दिवशी त्या बसतात त्या दिवशी घरातली बाई दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तिन्ही दिवस सगळ्या सिस्टर सुट्टीवर आणि शीलाताई एकट्या, हा आमच्याकडे वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या सकाळी उंद्रीकडून एक जीप आली. यशोदाबाईची सून होती, पहिलटकरीण. सोबत वस्तीतल्या बायका, नेहमीप्रमाणे जीप भरून. सुनेला लेबर रूममध्ये घेतलं आणि बायका बाकावर बसल्या.

दुपारी मी रिपोर्ट द्यायला गेलो तेव्हा ताई दारात उभ्या होत्या, फोन कानाला. त्यांचा नवरा बोलत होता. ग्रामपंचायतीपुढे खुर्च्या मांडून राह्यले, सभा हाय म्हनतात, आताच. नोटीस म्हणे आठवडाभर फळ्यावर होती. फळा कुलपाच्या आत होता, ही गोष्ट वेगळी.

"तुमी जाऊन बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोनाले तरी घेऊन जा. काही बी करा, पन बसा." फोन ठेवून त्यांनी संगीताला लावला. मी शेजारीच होतो, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. भांड्यांचा आवाज, बायकांचा गलका.

"संगीता, दोन घंट्यासाठी येतं का? सभा लागली."

"ताई, आत्ता? ताई, सोवळ्यात आहे मी, मुखवटे हातात आहेत. सासूबाई..." ती रडायलाच लागली. "उद्या येते ताई. परवा येते. आज कशी येऊ?"

"राहू दे," शीलाताई म्हणाल्या. "रडू नको. देवापाशी काहून रडतं?"

दुसऱ्या दोघींना लावला, एकीनं उचलला नाही, एक माहेरी मेहकरला होती. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. मी म्हटलं, "ताई, माझी मोटरसायकल आहे, तुम्ही निघा, मी सोडतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. आत सून विव्हळत होती. बाळाचे ठोके मधूनच मंद होत होते, ते त्यांनी आधीच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. बाहेर बाकावर यशोदाबाई आणि वस्तीच्या बायका बसल्या होत्या. ज्यांना नेऊन सभेत बसवायचं होतं, त्या सगळ्या इथे होत्या. त्यांना तरी पाठवू, असं मी म्हटलं. यशोदाबाई म्हणाल्या, "सुनेले अशी टाकून कशी जाऊ बापा?" बाकीच्या त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि कोणी उठलं नाही.

शीलाताईंनी फोन एप्रनच्या खिशात टाकला. "भाऊ, ब्लड ग्रुप काढून ठेवा, लागलं तं लागलं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी तो काढला.

मुलगा झाला. उशीर लागला, पण रडला, चांगला खणखणीत. यशोदाबाईनं बाळावरून हात ओवाळून बोटं मोडली. ताईंनी बाळ पुसलं, वजन केलं, कपड्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं आणि मग फोन काढला. नवऱ्याचा एकच निरोप होता. चहा होईपर्यंत सभा संपली. सात-आठ माणसं. गायरान सोलरला.

महालक्ष्म्या उठल्या तशी संगीता आली, डब्यात पुरण घेऊन. शीलाताईंनी डबा घेतला, तिथेच उभ्या राहून खाल्लं, आणि चांगलं झालं म्हणाल्या. मी न राहवून म्हटलं, "ताई, हा निव्वळ योगायोग. नेमका महालक्ष्म्यांचाच दिवस यावा."

"योगायोग कायचा भाऊ?" त्या चमचा धूत होत्या. "गावाले मालूम हाय, सन आला की शीला दवाखान्यात. इतके वर्सं पाहून राह्यले ते. मी कॅलेंडर पाहत होती, तसं त्याहिनं बी पाहिलं. मीच शिकवलं त्याहिले."

त्यानंतर अर्ज झाले, वर दाद मागणं झालं. अर्जाची पोच मिळाली, पुढे काही नाही. गायरानावर आधी तारेचं कुंपण आलं, मग लोखंडी सांगाडे, मग पॅनल. उंद्रीकडे जाताना जीपमधून ते दिसतात. उन्हात डोळ्यांना त्रास होतो.

ताईंमध्ये जो फरक पडला तो आम्हाला पुढच्या महिन्याचा चार्ट लागला त्या दिवशीच दिसला होता. त्या आल्या, सगळ्यांसारख्या आपल्या नावापुढची ओळ वाचली आणि निघाल्या. कॅलेंडरचं पान कोणी उलटलं नाही. संगीता मागे धावली, "ताई, तुमची दोन ऑक्टोबरची ड्यूटी माझ्याकडे द्या ना." ताई म्हणाल्या, "राहू दे. चार्टमधी जे हाय ते करते." दिवाळीला त्यांचं नाव सुट्टीत आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या लक्ष्मीपूजनाला घरी होत्या. नंतर मी विचारलं, काय केलं? "काय करनार? बसली," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. त्या रागावल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचा पंधरा ऑगस्ट. आवारात झेंडा झाला, शीलाताईंनी सकाळची ड्यूटी लावून घेतली. दुपारी यशोदाबाई आल्या, आमच्याकडे बाळंत झालेल्या भाचीला भेटायला. नातू कडेवर, आता वर्षाचा होत आलेला. ताईंनी त्याला घेतलं, पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी वाटते, भाऊकडं लॅबमधी पाठवा, म्हणाल्या.

"आज सभा होती ना वं?" ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"होती तं. तुमी काहून नाही आल्या? केवढी गर्दी व्हती माय, बसाले जागा नाही." यशोदाबाई रंगात आल्या. सोलरवर चौकीदाराच्या जागा निघाल्या होत्या, त्याची शिफारस सभेतून होणार होती. सगळं गाव आलं होतं. वस्तीतले पुरुष झाडून आले होते. कंपनीला आणखी थोडं गायरान द्यायचं, आणि गावची पोरं लावून घ्यायची, असा ठराव.

"कोरम भरला म्हना," ताई म्हणाल्या.

"भरला म्हंजे? उतू गेला. आमच्या पोरानं तं असा हात वर केला ताई, मोजून होईलोक खाली आनला नाही. मले म्हने, शीलाताईनं शिकवलं ना तुले, तसाच धरला." हे सांगताना बाईच्या चेहऱ्यावर खरंच अभिमान होता. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोराला काम हवं होतं, ते कोणाला नको असतं?

शीलाताईंनी बाळ परत तिच्या कडेवर दिलं. "चांगलं केलं," म्हणाल्या. यशोदाबाई गेल्यावर त्या बाकावर बसल्या. त्यांना ड्यूटीवर असताना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मी म्हनत होती, लोक येत नाहीत," त्या म्हणाल्या. "येतात भाऊ. लोकं येतात. मीच चुकीच्या कामासाठी बोलावत होती." मी म्हटलं, असं नाही ताई. त्या उठल्या आणि औषधाचा ट्रे घेऊन आत गेल्या.

दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. मुलगी नाशिकला नोकरीला लागली होती, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात ताईंना काम मिळालं. आठ तासांची ड्यूटी, साप्ताहिक सुट्टी ठरलेली, अदलाबदल करायला परवानगीच नाही. निरोपाला डॉक्टरांनी शाल दिली, संगीता पुन्हा रडली. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं तेच मी विचारलं.

"ताई, आता मतदान कुठं तुमचं?"

वाटलं होतं, हसतील. त्या गाडीच्या पाटीकडे बघत होत्या.

"नाव गावातच हाय अजून," म्हणाल्या. "राहू द्या तिथंच. तिकडं लावून तरी काय करू?"

गाडी लागली. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, चढल्या आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसल्या.